गाडीचं दावं

येडगाव,
फेब्रुवारी २००५

प्रिय अश्विनी,

चारचौघांत मी तुला वन्सं म्हणते, पण कागदावर आपण दोघीच, म्हणून नुसतं नाव. दादांची गाडी जबलपूरला सुखरूप उतरली, एक ओरखडा नाही, असं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हसले की अंगणातली बैलजोडी कान टवकारून बघायला लागली. पुढचं बोलणं अर्धवट राहिलं. तू असं काही म्हणालीस की मी फोनच ठेवून दिला. तेही लिहिते. पण आधी हे तर ऐक, की दादांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तरुणपणातली ती मॉरिस येडगावातून निघाली कशी. मला स्वतःलाच याचं इतकं नवल वाटतंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि ज्यांना सांगायचं ते तुझे भाऊ आता नाहीत.

ते गेल्यापासून गाडीला कुणी हात लावला नव्हता. दर रविवारी ते ती पुसायचे, धरणाच्या भिंतीपर्यंत एक चक्कर मारायचे आणि मोठा मुलूख पालथा घालून आल्याच्या थाटात चहा मागायचे. मला चालवता येत नाही. उंदरांनी मागच्या सीटवर संसार थाटला तेव्हा मी तुला लिहिलं, गाडीचं काय करू? उलट टपाली तुझं पत्र आलं: मला हवी आहे, बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून घेशील ती किंमत सांग. खरं सांगते अश्विनी, ती ओळ वाचून मला राग आला. ज्या गाडीत पुढच्या सीटवर उभी राहून तू दादांबरोबर नारायणगावच्या बाजाराला जायचीस, तिची किंमत मी तुला सांगायची? पण तेराव्यानंतर निघताना तू उंबऱ्याला हात लावून म्हणाली होतीस, “वहिनी, भाऊ होता तोवर माहेर होतं.” दिवाळीला खरंच आली नाहीस. आता भांडले तर पत्रंही बंद होतील अशी मला धास्ती वाटली. म्हणून किमतीचं काही लिहिलंच नाही. पाठवते, एवढंच कळवलं.

पण पाठवायची म्हणजे कशी गं? आपण पोस्टातून लोणच्याची बरणी पाठवताना दहा वेळा विचार करतो. पुण्याच्या एका सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, मोहित नावाचा, गळ्यात टाय, पण वागायला गोड. तो गाडीभोवती फिरत होता आणि मी त्याच्या मागे. पेट्रोल किती ठेवायचं? अगदी थोडं. बॅटरीचं काय? तारा सोडवून ठेवायच्या. दोर कशाला बांधायचा? चाकांना. अंगाला बांधला तर गाडी हलेल तसा तो पत्रा कापतो. वरून प्लॅस्टिक का नको? आत घाम धरतो आणि रंग फुगतो. गाडीलाही घाम येतो हे मला या वयात कळलं! शेवटी त्यानंच विचारलं, बाई, तुम्हाला हा धंदा काढायचाय का? सगळं ठरलं, आणि त्यांचा कंटेनर येऊन कालव्याच्या मोरीवर अडला. तोंड मोरीवर, मागचं धड अजून वळणाच्या पलीकडे. बराच वेळ पुढे-मागे करून बिचारे परत गेले. खड्ड्यांतून हायवेपर्यंत गाडी चालवत न्यायला कुणी तयार होईना. तिचे गिअर फक्त तुझ्या भावांचंच ऐकायचे.

मग मला गोरख आठवला. शर्यतीचे बैल ट्रकमध्ये घालून यात्रेच्या गावी पोचवायचे आणि धडधाकट परत आणायचे, हा त्याचा व्यवसाय. लोक त्याच्या हवाली पोटच्या पोरासारखं जपलेलं जनावर करतात. म्हणाला, “वैनी, बैल काय आन् गाडी काय, दोन्ही बुजत्यात. चुचकारून घ्यायचं.” त्यानं ट्रक ओढ्याकडच्या उंच बांधाला मागून लावला, म्हणजे बांध आणि ट्रकचा तळ एका पातळीत आले. बैल चढवायची हीच रीत. आपल्याच जोडीनं मॉरिस बांधापर्यंत ओढत नेली. तळाला ओली वाळू, तिच्यावर उसाचं पाचट, खुरांना लागू नये म्हणून घालतात तसं. इथवर छान चाललं होतं. मग बघते तर हा पुढच्या दोन दिव्यांना कासरा गुंडाळतोय! मी ओरडले. तो म्हणाला, “शिंगांना नाय बांधायचं तर मंग कशाला?” मी मोहितचा नियम सांगितला. गोरखनं विचार केला आणि म्हणाला, “म्हंजी पाय बांधायचं, मारक्या बैलावानी.” आणि इतकी सुरेख बांधली चाकं, काय सांगू! दिव्यांवर माझ्या जुन्या लुगड्याचे तुकडे बांधले, परका मुलूख बघून बुजायला नको म्हणून. निघताना बॉनेटला कुंकू लावलं. मी तोंडाला पदर लावून हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

तो परत आला तेव्हा मी त्याला आधी भाकरी वाढली आणि मग सगळं विचारून घेतलं. सेंधव्याचा घाट कसा आहे? आपल्या माळशेजाइतका वळणाचा नाही म्हणे. नर्मदा केवढी? “लई मोठी वैनी, आपली कुकडी तिच्यात कुठं गडप व्हईल कळायचं बी नाय.” पुलावर त्यानं नारळ टाकला. वाटेत धाब्यावर जेवायला थांबला की आधी मागे चढून बॉनेटवर हात ठेवायचा, अंग तापलंय का बघायला. बंद गाडीचं अंग कसं तापेल रे, असं मी म्हटलं, तर म्हणाला, सवय.

आता तुझं बोलणं. तू म्हणालीस, “वहिनी, हँडल आलं नाही. राहिलं असेल तर कुरियरनं पाठव, त्याचे काय होतील ते वेगळे देईन.” हँडल म्हणजे ते पुढून खुपसून फिरवायचं लोखंडी हँडल, ज्याच्याशिवाय ती गाडी हूं की चूं करत नाही. ते ‘वेगळे देईन’ मला फार लागलं. फोन ठेवला आणि सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी कुठे सापडलं असेल? गोठ्यात. कासरे अडकवायच्या खुंटीवर, कुंकू लावून टांगलेलं! गोरखला पुन्हा बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, “मीच ठिवलं. इकल्यालं जनावर गिऱ्हाइकाला द्यायचं, दावं घरी ठिवायचं. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाती. तुमच्या ध्यानात नाय आलं म्हनून मी काढून घेतलं.” विकली असं तुला कुणी सांगितलं, म्हटलं. “तुमीच की! जबलपूरचं गिऱ्हाईक हाय म्हनला व्हता.” रागाच्या भरात म्हणाले असेन, नाही कशाला म्हणू? गाडी उतरवली तेव्हा तू घरी नव्हतीस, त्याला तरी कसं कळणार! मी सांगितलं की अरे, आपल्या अश्विनीकडे गेली गाडी. त्यासरशी त्यानं कान पकडले. “लेकीच्या घरी व्हय! लेकीला गाय देतो तवा दाव्यासकट देतो ना वैनी. लई चुकलं.” आणि तसाच ट्रक काढून पुन्हा जबलपूरला निघायच्या बेतात होता. त्याला थांबवता थांबवता माझी पुरेवाट झाली.

कुरियरलाही मी ते देणार नाही. माहेरची वस्तू लेकीच्या हातात माहेरच्या माणसानं द्यायची असते. भाऊ होता तोवर माहेर होतं म्हणालीस. मग मी कोण गं तुझी? हे मला तुला विचारायचंच होतं, गेले कित्येक महिने. ते गेल्यापासून माझं म्हणावं असं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि तू गिऱ्हाइकासारखी बोलायला लागलीस की मला या घरात फार एकटं वाटतं. उत्तर टपालानं धाडू नकोस, मी इथे नसेन. पुण्याच्या पलीकडे मी कधी गेले नाही, पण हँडल घेऊन यायला पुढच्या आठवड्याचं जबलपूरचं रेल्वेचं तिकीट काढलंय. बैलांकडे गोरख बघेल. रेल्वेचा डबा आणि वेळ फोनवर सांगते. नवरीबरोबर पाठराखीण जाते तशी तुझ्या गाडीची पाठराखीण म्हणून येतेय. आणि पाठराखीण एकटी परतत नसते, लेकीला माहेरी घेऊनच परत येते. तुझी बॅग भरून ठेव.

तुझीच वहिनी,
वैजयंती