मावशीच्या मडक्याचं बूड

३ फेब्रुवारी
नापास! पुन्हा! अफ्राकोमा मावशीच्या तापाच्या काढ्याने उंदरांचा ताप तसूभर उतरला नाही, पंजांची सूज तशीच. काढा मीच केला — तिने सांगितलेला पाला, तिने सांगितलेली साल, आमच्या प्रयोगशाळेच्या काचेच्या भांड्यात. आमचे प्रमुख डॉ. ओफोसु म्हणाले, "सेर्वा, तुझी मावशी आहे म्हणून आकडे बदलणार नाहीत." बदला म्हटलंय कुणी! पण लहानपणी याच काढ्यावर मी दहादा तापातून उठलेय. शुक्रवारी परवान्याचे अधिकारी तिच्याकडे जाणार. माझा अहवाल असाच गेला तर कोफोरिदुआच्या बाजारातलं तिचं काढ्यांचं दुकान बंद.

५ फेब्रुवारी
मावशीने स्वतः उकळलेल्या काढ्याची बाटली आणली. "काय गं, तुझ्या उंदरांना चव आवडली नाही वाटतं?" — वर टोमणा! ती निघताना मी तिला बजावलं, शुक्रवारी सगळं स्वच्छ दिसू दे, साहेब लोक काळी भांडी बघून नाक मुरडतात.

६ फेब्रुवारी
ताप उतरला! चार तासांत! सूजही! तीन पिंजरे एकदम लावले होते, तिन्हींत तेच. डोकंच चालेना. तोच पाला, तीच साल. मावशी त्यात तापाची गोळी तर कुटून घालत नसेल? मनात आलं आणि लाज वाटली. तरी उरलेल्या थेंबांत तेही तपासलं. गोळी नाही. बाटली संपली. मग आहे काय त्यात? मंत्र?

संध्याकाळी
केंके, आपला मक्याचा आंबवलेला उंडा, खाताना घास हातातच राहिला. मक्याचं पीठ आंबायला आपण त्यात कालचं आंबलेलं पीठ घालतो — आणि मावशीचं मडकं कधी रिकामं होतच नाही! पाणी सरलं की वरून पाणी, पाला विटला की वरून नवा पाला. बुडाशी आजीच्या वेळेपासूनचा गाळ. माझ्या काचेच्या भांड्यात तो कुठून येणार? कदाचित तेच असेल. कदाचित नसेलही! चमचाभर गाळ मिळाला तरी कळेल. फोन लावतेय, मावशी उचलत नाही. अहवालावर सही केलेली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पहिल्या गाडीने पोचले. मावशीने हाताला धरून परसात नेलं. मडकं उन्हात पालथं, राखेने घासून नव्यासारखं. "काल दिवसभर तेच करत होते, फोन कुठला घेतेय! तुझ्या साहेबांपुढे तुझी मान खाली जायला नको." गाळ गटारात वाहून गेलेला. तिची बोटं सोलवटली होती.

"छान निघालंय," मी म्हटलं.