बाटली उलटी पुरायची असते

ऑगस्ट ६, रविवार

बोलून बसलो खरा. आता ट्रिप आखल्याशिवाय सुटका नाही.

सकाळी डार्सीचा फोन. लग्न चौदा ऑक्टोबरला, केंटकीत, बार्ड्सटाउनजवळ, तिच्या आजोबांच्या शेतावर. तिथंच माझं आणि तिच्या आईचं, मार्लीनचं लागलं होतं, तंबाखूच्या कोठारामागे. छान, म्हटलं. मग ती जरा थांबली. पोरीचं हे थांबणं मी ओळखतो. लहानपणी काच फोडली की अशीच थांबायची. मग म्हणाली, "डॅडी, मला घेऊन गेराल्ड चालणार आहे. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. वेंडेलकाकांशेजारी."

माझ्या तोंडून निघून गेलं — त्या आठवड्यात मी नाहीये. आरव्ही घेऊन व्हिस्कीच्या दौऱ्यावर निघालोय. कधीचं बुक करून ठेवलंय.

काही बुक केलेलं नाही! आरव्ही वसंतात घेतली तेव्हापासून अंगणात उभी. एवढं मोठं चाकांवरचं घर, आणि मुक्काम फक्त चिमण्यांचा. शेजारीण तिला 'ओर्वची पांढरी गाय' म्हणते.

गेराल्ड! मार्लीनचा आताचा नवरा. नवरीचा हात धरून चालायचा मान बापाचा, आणि तो ह्याला! शाळेचा मुख्याध्यापक, चर्चचा डीकन, दारूच्या थेंबाला शिवत नाही. सासऱ्याच्या शेतावर आता तोच राहतो. डार्सी आठ वर्षांची होती तेव्हापासून तिच्या शाळेच्या कार्यक्रमांत तो पुढच्या खुर्चीवर. मी इथं ओहायोत, हॅमिल्टनमध्ये, लोकांच्या छपरांना पन्हळी ठोकत. एका शिडीवर सुरू केलेला धंदा, तो काय खुर्चीत बसून वाढतो?

ऑगस्ट ९, बुधवार

वेंडेलला विचारलं. थोरला भाऊ, जन्मभर ट्रक चालवला, आता टीव्ही चालवतो. वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला. मग कुठं जायचं विचारलं.

केंटकी म्हटल्यावर त्याचे डोळे बारीक झाले. पण व्हिस्कीपुढे प्रश्न टिकत नाहीत त्याचे.

खरी पंचाईत वेगळीच. चालवणाऱ्याने प्यायची नाही. डिस्टिलरीवाले त्याला वेगळं तिकीट देतात, बाकीच्यांना बर्बन व्हिस्की आणि ह्याला लिंबू सरबत. वेंडेलला म्हटलं, आळीपाळीने चालवू. तर म्हणतो, "मी चाळीस वर्षं चालवली, ओर्व. आता मी प्रवासी."

म्हणजे स्वतःची गाडी, स्वतःचं डिझेल, आणि व्हिस्कीच्या मुलखात जाऊन मी सरबत पिणार. मस्त!

ऑगस्ट १३, रविवार

दिवसभर नकाशा. ऑक्टोबर म्हणजे तिकडे गर्दीचा हंगाम — पानं लाल झाली की सगळ्यांना तहान लागते. कॅम्पग्राउंडवाले फोनवर हसतात. एक बाई म्हणाली, "ह्या ऑक्टोबरचं म्हणताय ना, की पुढच्या?" दोन डिस्टिलऱ्यांच्या आवारात लांब गाड्यांना जागाच नाही. तिसरीचा रस्ता ओढ्याकाठाने, आणि वरून जाणारा पूल इतका ठेंगणा की आरव्हीच्या छतावरचा एसी काढून हातात घ्यावा लागेल.

वेंडेल शेंगदाणे खात नकाशावर वाकला होता. एक शेंगदाणा घेतला आणि मी पेन्सिलीने काढलेल्या रेघेवरून हळूहळू फिरवला.

"तुझा हरेक रस्ता बार्ड्सटाउनला वळसा घालतोय. लग्नाला जायचं नसेल तर टेनेसीला जा की. तिथं काय ताक घुसळतात?"

म्हटलं, डिस्टिलऱ्या जिथं आहेत तिथंच जाणार ना माणूस. शीळ वाजवत उठला आणि माझ्याच फ्रिजमधलं हॅम घेऊन घरी गेला.

ऑगस्ट १४, सोमवार

टेनेसी लांब पडतं. बस्स.

ऑगस्ट २९, मंगळवार

डार्सीचा फोन. आवाज मध घातल्यासारखा, म्हणजे काहीतरी हवंय. शेतावरच्या घरात न्हाणीघर एकच, आणि नटणाऱ्या बायका बऱ्याच. तर आरव्ही मिळेल का? नवरीला तयार व्हायला. एसी आहे, मोठा आरसा आहे.

बाप नाही चालत, बापाचा संडास चालतो!

हे तिला बोललो नाही. इथंच लिहितोय. तिला म्हटलं, गाडी त्या आठवड्यात दौऱ्यावर आहे, सांगितलं होतं ना. मागून मार्लीनची कुजबुज ऐकू आली — विचारू नकोस म्हटलं होतं ना मी. माझे कान अजून शाबूत आहेत, हे त्या घरात सगळे विसरतात.

मग डार्सी म्हणाली, "बरं. आणि बाटली कोण पुरणार, डॅडी? आजोबांनी तुमच्या वेळी पुरली होती तशी?"

सासरा बेरकी होता, पण ह्या बाबतीत काटेकोर. लग्नाच्या महिनाभर आधी, नवरा-नवरी जिथं उभे राहणार त्या जागी, बर्बनची भरलेली बाटली पुरायची. मान खाली, बूड वर. मग त्या दिवशी पाऊस पडत नाही. लग्न लागलं की उकरायची आणि सगळ्यांनी मिळून संपवायची. आमच्या वेळी शेजारच्या तालुक्यात गारा पडल्या, आमच्या कोठारावर थेंब नाही. लग्न टिकलं नाही ती गोष्ट वेगळी. बाटलीने आपलं काम केलं होतं.

म्हटलं, "गेराल्डला सांग. तोच चालणार आहे ना तुझ्याबरोबर? मग खड्डाही त्यालाच खणू दे."

ती ठेवते म्हणाली.

तोंडात कडू चव आली. कॉफी ओतून दिली.

सप्टेंबर ५, मंगळवार

कॅम्पग्राउंड मिळालं! कुणीतरी रद्द केलं म्हणून. शेतापासून बारा मैल. योगायोग.

सप्टेंबर १०, रविवार

खरं तर बाटली पुरणार कोण, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. गेराल्ड दारूच्या दुकानाची पायरी चढणार नाही. नवरामुलगा अँडर्स मिनेसोटाचा. गोड पोरगा, पण त्याला वाटतं ही आमची थट्टा आहे. मार्लीन म्हणेल तंबू लावू. म्हणजे पोरीच्या लग्नात पाऊस येणार आणि सगळे प्लॅस्टिकखाली बसून बटाट्याचं सॅलड खाणार.

मला काय त्याचं.

वेंडेलला सांगितलं, शनिवारी रंगीत तालीम करू. नवी गाडी, एकदम लांब काढू नये. एक डिस्टिलरी बघू, एक रात्र राहू, परत. तो म्हणाला डार्सीने परवाच फोन करून माझी चौकशी केली. दर आठवड्याला करते म्हणे. त्याला! मी विचारलं, तू काय सांगतोस तिला? "तू चिडका आहेस एवढंच. बाकीचं तिला माहीत आहे."

सप्टेंबर १६, शनिवार

आरव्ही चालवणं म्हणजे झोपलेल्या हत्तीला बोळातून नेणं. मागे कपाटं उघडतात, ताटल्या बोलतात. आणि वेंडेल शेजारी बसून प्रत्येक वळणावर पाय दाबतो, जणू त्याच्याकडे पण ब्रेक आहे.

डिस्टिलरी छान. मक्याच्या लापशीचा आंबूस गरम वास. पिंपांची सात मजली गोदामं, भिंती काळ्या ठिक्कर. पिंपांतून दारूची वाफ सुटते, तिच्यावर काळी बुरशी पोसते. दाखवणारी मुलगी सांगत होती, उडून जातो तो वाटा देवदूतांचा. सगळे वर बघून हसले. मीही वर बघितलं. दारावरच्या पडवीच्या पन्हळीचा एक आकडा निसटला होता, पाणी सरळ भिंतीच्या पायावर उतरत असणार. राहवलं नाही. शिडी कुठं आहे विचारलं.

वेंडेलने मान खाली घातली. मुलगी म्हणाली, मालकांना सांगते सर. कोपऱ्यात पिंपं उतरवायची लाकडी घोडी होती. चढलो, आकडा बसवला, दोन ठोसे मारले. झालं. डार्सी लहान असताना माझा हात ओढायची, "डॅडी, चला ना, ते आपलं घर नाहीये." चर्चचं फाटक असो, शाळेतला नळ असो. कुणी वाकडं करून ठेवलेलं काम बघून मला पुढे जाताच येत नाही.

वेंडेल सहा ग्लास चाखून आला आणि देवदूतांवर व्याख्यान द्यायला लागला. मी सरबत. दुकानातून एक बाटली घेतली, बरी. कोणासाठी विचारलं तर म्हटलं, घरी ठेवायला.

सप्टेंबर १७, रविवार

नीट लिहितो.

रविवार मुद्दामच धरला होता. दहा ते बारा गेराल्ड आणि मार्लीन चर्चमध्ये, आणि डीकन म्हटल्यावर सगळ्यांशी हात मिळवून निघायला साडेबारा. महिन्याला तीन दिवस कमी पडत होते, पण पावसाकडे काही कॅलेंडर नसतं. आरव्ही कोठाराच्या बाजूला लावली. माती मऊ होती, चाकं रुतली जराशी. वेंडेल आतच बसला, डोकं धरून.

जागा मला झोपेतही सापडेल. कुंपणाचा देवदाराचा खांब, त्याच्यापासून ओकच्या झाडाकडे चालत जायचं, सावली संपते तिथं. फावडं मारलं — माती आधीच भुसभुशीत! दुसऱ्याच घावाला काच वाजली.

कोणीतरी माझ्या आधी येऊन बाटली पुरून गेलं होतं.

कोणीतरी कसलं. गेराल्डच! डीकनसाहेब टोपी डोळ्यांवर ओढून दारूच्या दुकानात शिरले असणार. मला हसू आलं, मग हसू गेलं. पोरगी त्याला दिली. लग्न त्याच्या अंगणात. पहिल्या रांगेतली खुर्चीसुद्धा त्यानेच मला दिलेली. एक बाटली उरली होती, जिला तो हात लावणार नाही अशी माझी खात्री होती. तीसुद्धा!

आणि पुरली कशी? मान वर! टमाट्याचं रोप लावावं तशी सरळ उभी. जन्मात बाटली हातात न धरलेल्या माणसाला कोण सांगणार.

गुडघ्यावर बसून बघत राहिलो. हात पुढे गेला होता. उलटी करायला किती वेळ लागतो?

केली नाही. माती ओढली, पायाने दाबली. पडू दे पाऊस. डीकनच्या काळ्या कोटावर पडू दे, बायबलवर पडू दे. मी बारा मैलांवर माझ्या छपराखाली बसून ऐकेन.

आरव्हीत आलो तर वेंडेलने विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं. त्याने खांद्यावर थोपटलं. माझी बाटली तशीच पिशवीत.

सप्टेंबर २१, गुरुवार

पाठ दुखतेय. दोन मुलांना एका छपरावर पाठवलं, परत आले तेव्हा पन्हळीचा उतार उलटा. ओरडलो. मग स्वतः चढलो.

ऑक्टोबर ३, मंगळवार

ट्रिपची तयारी पुरी. पाण्याची टाकी धुतली, गॅस भरला, तीन डिस्टिलऱ्यांच्या वेळा ठरल्या, त्यातली एक शनिवारी दुपारी दोनची. दोनलाच लग्न. वेंडेल म्हणाला, शनिवारी तो माझ्याबरोबर येणार नाही. सूट इस्त्रीला टाकलाय म्हणे. त्याला कॅम्पग्राउंडवरून कोणीतरी न्यायला येईल.

"तू ती दोनची फेरी एकटाच कर. तिकीट सरबताचंच आहे नाहीतरी."

भाऊ आहे की कोण!

ऑक्टोबर ९, सोमवार

टीव्हीवर हवामानवाला. शनिवारी पश्चिमेकडून ढग, दुपारनंतर जोराचा पाऊस. नकाशावर हिरवा डाग नेमका बार्ड्सटाउनवर सरकत नेला त्याने, बोटाने.

आनंद होईल वाटलं होतं. टीव्ही बंद केला.

ऑक्टोबर १२, गुरुवार

आत्ता गेराल्डचा फोन येऊन गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घसा खाकरत, प्रत्येक वाक्याला "मिस्टर स्टॅम्पर" लावत.

बाटली त्याने पुरलेली नाही. डार्सीने स्वतः पुरली. तो नुसता बाजूला उभा होता, हात मागे बांधून. त्याने ऐकलं होतं की उलटी पुरायची असते, म्हणून तिला तसं सांगितलं. "तर म्हणाली, माहीत आहे मला. राहू दे तशीच. एवढं काम डॅडींसाठी ठेवलंय. ते बघायला येणारच, आणि सरळ बाटली बघून तशीच टाकून जाणार नाहीत." मग कोठारापाशी रुंद चाकांच्या खुणा दिसल्या. वेंडेलनेही सांगितलं, काम झालं. तेव्हापासून पोरगी खुशीत आहे म्हणे. टीव्हीवाल्याला हसते. आभार मानायला फोन केला होता त्याने.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

फावडं घेतलंय. पिकअपने लवकर पोचलो असतो. आरव्हीच नेतोय, आरशासकट.