एकविसावा दात

२० जुलै. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. तसंच कारण आहे. ३ ऑक्टोबरला मला ऐंशी पूर्ण होतात. ऐंशीव्या वर्षी ज्याच्या तोंडात स्वतःचे वीस दात असतात, त्याला जिल्ह्याची दंतसंघटना सर्टिफिकेट देते. सगळे त्याला ‘ऐंशी-वीस’ म्हणतात. समोरचा न्हावी उरानो माझ्याच शाळेतला, एक वर्ष पुढे. त्याला गेल्या वर्षी मिळालं. आरशाच्या वर लावलंय, शेजारी दात विचकलेला फोटो. केस कापून घ्यायला बसलं की माणसाला आधी उरानोचे दात दिसतात, मग स्वतःचं तोंड.
आज मोजले. एकवीस. पुन्हा मोजले. एकवीसच. म्हणजे एक शिल्लक.

२१ जुलै.
पैज लावली. लिहून ठेवतो, नंतर कुणी शब्द फिरवायला नको.
आमचं सेनबेईचं दुकान. गव्हाच्या पिठाची चकती, लोखंडी तव्यावर दाबून भाजलेली. इतकी कडक की पुड्याबरोबर लाकडी हातोडी देतो. हातोडी गिऱ्हाइकांसाठी. मालक दात वापरतो. रोज सकाळी दहा वाजता दुकानात उभं राहून एक सेनबेई कटकन चावून दाखवायची, ही आजोबांपासूनची पद्धत. मी एक दिवसही चुकवलेला नाही.
आज कोहेई म्हणाला, बाबा, गिऱ्हाइकं म्हातारी झालीत. सेनबेई नेतात आणि देव्हाऱ्यात ठेवतात, खात कुणी नाही. आपण मऊ काढू या.
मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि असं बोलतो. मी वडिलांच्या फोटोसमोर उभा राहून सांगितलं, ऐंशी-वीस मिळालं तर ते तव्याच्या वर लागेल आणि या दुकानात मऊ हा शब्द निघणार नाही. नाही मिळालं तर तू म्हणशील तसं. कोहेई म्हणाला, बाबा, एवढं कशाला ताणताय? घाबरला.

२३ जुलै.
सुमिए आमटी ढवळता ढवळता म्हणाली, अहो, वरचे डावीकडचे तीन मोरिवाकी डॉक्टरांनी बसवलेत ना? कोहेई पहिलीत होता तेव्हा. आठवडाभर नुसती पेज खात होतात तुम्ही.
म्हटलं, पॉलिश केलं होतं. मोरिवाकी वारले, त्यांना विचारताही येत नाही. हिची स्वतःची वरची कवळी रोज रात्री ग्लासात असते. अशा माणसाने दुसऱ्याच्या दातांवर बोलू नये.

२६ जुलै.
नवे नियम: दिवसातून पाच वेळा ब्रश. गोड बंद. दातांमधून दोरा फिरवणे.
दोरा सगळीकडून जातो, फक्त त्या डाव्या तिघांच्या मधून जात नाही. इतके एकमेकांना धरून उभे आहेत. मधल्याला तर बर्फाचा चहासुद्धा लागत नाही. पोलाद आहे पोलाद. बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं.

२७ जुलै.
रात्री एक बीनचा लाडू. सुमिएने समोर ठेवला. तिची चूक.

५ ऑगस्ट.
कोहेई पीठ आणायला गेला होता. दहाची सेनबेई एरवी तो स्वतः आणून देतो, आतल्या निळ्या डब्यातून. आज मीच दुकानातल्या बरणीतून घेतली. चावली. खाली उजवीकडे, मागून दुसऱ्या दाढेत, कळ थेट कानात गेली. डोळ्यांत पाणी. समोर दोन बायका उभ्या होत्या. म्हटलं, वडिलांची आठवण आली.
कोहेईने ती बरणी जास्त भाजली आहे. संध्याकाळी बोललो. तो म्हणाला, बाबा, माझ्याशिवाय घेत जाऊ नका. आता बापाला सेनबेई घ्यायलाही परवानगी लागणार.

११ ऑगस्ट.
दाढ ठणकते आहे. गावात दातांच्या डॉक्टर एकच, साकाकीबाई. त्यांचा दवाखाना उरानोच्या दुकानाला लागून. आत कोण जातं, गालावर हात ठेवून बाहेर कोण येतं, सगळं त्याला खुर्चीमागून दिसतं. तिथे जायचं ते ऑक्टोबरमध्ये, मोजणीला, ताठ मानेने.
तोवर उजवीकडे काही चावायचं नाही. टोफू आणि पेज.

१९ ऑगस्ट.
पेज. टोफू. सुमिए म्हणते, अहो, दात टिकवायला खाणं सोडलंत, मग दात कशाला टिकवताय?
उत्तर द्यावं असा प्रश्न नव्हता.

२५ ऑगस्ट.
झोप नाही. उजवा गाल गरम. उद्या ट्रेनने शेजारच्या गावी जाणार, तिथे मला कोणी ओळखत नाही. घरी सांगितलं, साकुमा गेला. साकुमा म्हणजे माझ्याबरोबर तवा शिकलेला, आता किनाऱ्याकडे असतो, बारा वर्षांत भेट नाही. अंत्यविधीला जातो म्हटल्यावर कुणी प्रश्न विचारत नाही.

२६ ऑगस्ट.
अंत्यविधीचा काळा सूट, काळा टाय घालून दातांच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेला डॉक्टर. आधी माझं सांत्वन केलं. मग फोटो काढला, पडद्यावर बोट फिरवत बराच वेळ काही सांगत होता. वरच्या डावीकडे दोनदा थांबला. चष्मा घरी होता. मान डोलावली.
तो म्हणाला, दाढ वाचेल. मूळ साफ करू, पाच-सहा वेळा यावं लागेल.
पाच-सहा वेळा म्हणजे पाच-सहा अंत्यविधी. माझे एवढे मित्रच उरलेले नाहीत.
म्हटलं, काढा.
तो म्हणाला, आजोबा, दोन दिवस विचार करा. तुमचे खरे दात किती उरलेत ते एकदा—
म्हटलं, मोजणी मला शिकवू नका. एकवीसमधून एक गेला की वीस. हा एक शिल्लकच होता.
काढला. छोट्या डबीत घालून दिला.
घरी दारातच सुमिएने अंगावर मीठ टाकलं, मयताहून आल्यावर टाकतात तसं. विचारलं, कसे गेले हो? तोंडात कापूस, जीभ बधिर, डोळे भरलेले. बोलता आलं नाही. ती म्हणाली, असू द्या, असू द्या, आणि पाठीवरून हात फिरवला. फार वाईट वाटलं. साकुमाबद्दल नव्हे.

२७ ऑगस्ट. पहाटे.
लहानपणी खालचा दात पडला की छपरावर फेकायचो, नवा सरळ येतो म्हणून. ऐंशीव्या वर्षी येणार नाही, एवढं मला कळतं. पण टाकायचा कुठे? फेकला. कौलावर वाजला, दिसेनासा झाला.
आज नेमके वीस. फॉर्म भरला.

१५ सप्टेंबर.
दहाची सेनबेई आता डावीकडून. निळ्या डब्यातली. ते तिघे कटकन उडवतात. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या सेनबेईत अजून काय दम आहे! कोहेईला म्हटलं, ही चव मऊ करून येईल का? तो म्हणाला, नाही बाबा. आणि वळून तवा पुसायला लागला. हरलाय पोरगा.

३ ऑक्टोबर.
ऐंशी पूर्ण. शुभदिवसाचा लाल भात केला होता. जेवताना फोन वाजला. सुमिएने घेतला, बराच वेळ वाकून वाकून बोलली, मग फोन माझ्याकडे धरून म्हणाली, अहो, तुमचे स्वर्गवासी साकुमासान. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या म्हणतायत.
साकुमा ठणठणीत आहे. चौकशी करत होता, दात कसे आहेत.
सुमिएने मला आणखी लाल भात वाढला. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टोबर. दुपारी.
उरानोच्या दारावरून मुद्दाम हळू गेलो. तो आतून ओरडला, अरे इसामु, तोंड दाखवायला निघालास होय? म्हटलं, तुझ्याशेजारी फोटो लावायला जागा कर.
साकाकीबाईंनी आरसा घातला, मोजले. पुन्हा मोजले. हाताखालच्या मुलीला आकडा सांगितला. एकोणीस.
म्हटलं, वीस. त्या म्हणाल्या, आजोबा, डावीकडे वर ब्रिज आहे. दोन बाजूचे दात तुमचे, त्यांवर टोप्या घातल्यात. ते दोन धरले. मधला दात नाही, तो नुसता त्या दोघांना जोडून टांगलेला आहे. त्याला मूळ नाही. कुणी बसवलाय, फार सुरेख काम आहे.
म्हटलं, चाळीस वर्षं माझ्या तोंडात राहतोय. माझ्या पेजा खाल्ल्या, माझ्याबरोबर जागला. एवढ्या वर्षांत त्याला आपलं म्हणत नाहीत का? त्या म्हणाल्या, नियम आहे. म्हटलं, मी ऐंशी वर्षांचा माणूस, तुमच्यापुढे हात जोडतो. जोडलेही, खुर्चीत आडवा पडून, गळ्यात तो कागदी रुमाल.
मग त्यांनी खालच्या उजव्या खड्ड्याला बोट लावलं. हे अलीकडचं दिसतंय, म्हणाल्या. ऑगस्टमध्ये आला असतात तर पुरे वीस होते. कुणी काढायला लावला हो हा?
म्हणजे खोट्याला शिल्लक समजलो नाही. खऱ्याला शिल्लक समजून काढून टाकलं.

१३ ऑक्टोबर.
घरी सांगितलं, निकाल पोस्टाने येतो.
उपाय १: संघटनेला पत्र. वयोवृद्धांच्या भावना वगैरे. फाडलं.
उपाय २: हिवाळ्यात नवी दाढ फुटते का? एका मासिकात असं वाचल्यासारखं वाटतं. नाही फुटत.
उपाय ३: काढलेला दात परत बसवणे. का नाही? जागा तीच, दात तोच. फक्त दात छपरावर आहे.

१४ ऑक्टोबर. सकाळी ७.
शिडी लावली. वर गेलो. कौलं दवाने निसरडी. पन्हळीत पानं, एक चेंडू, दात नाही. गुडघ्यावर पुढे सरकलो. खाली उरानो दुकान उघडत होता. झाडू टाकून धावत रस्ता ओलांडून आला. अरे इसामु, उतर! वेडा झालास का लेका? काय हवंय ते मी काढून देतो!
काय हवंय, हे उरानोला कसं सांगणार? म्हटलं, कौल बघतोय.
मग सुमिए आली. तिने शिडी दोन्ही हातांनी धरली आणि शांतपणे म्हणाली, अहो, उतरा. तो तिथे नाहीये. त्याच दिवशी घरंगळत खाली आला होता. मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय.
मी वरूनच विचारलं, तुला कधीपासून माहीत? ती म्हणाली, तुम्ही डॉक्टरांची पावती काळ्या सुटाच्या खिशात ठेवली होतीत. मयताच्या घरी पावती देत नाहीत. आणि त्या मधल्याचं मी जुलैमध्येच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात पॉलिश.
उतरलो. उरानोने मला कमरेला धरलं. सगळं त्याच्यासमोर झालं. तो एकही टोमणा न मारता दुकान उघडायला गेला. त्याने मारला असता तर मला सोसलं असतं.

१५ ऑक्टोबर.
साकाकीबाईंना फोनवर विचारलं. पडलेला दात परत लावायचा तर अर्ध्या तासात यावं लागतं, दोन महिन्यांनी नाही. बरं म्हटलं आणि फोन ठेवला. रडलो. देव्हाऱ्यासमोर, वडिलांच्या फोटोकडे पाठ करून.

१६ ऑक्टोबर.
शब्द म्हणजे शब्द. तव्यापाशी जाऊन कोहेईला सांगितलं, एकोणीस. तू जिंकलास. मऊ काढ.
त्याला आनंद झाला नाही. आतून निळा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, बाबा, काढायची काय, आहे ना. रागावू नका. सहा वर्षांपूर्वी तुम्ही दहाच्या वेळेला घास गालात धरून मागच्या खोलीत जायला लागलात. तेव्हापासून तुमच्यासाठी रोज दोन-तीन तव्यावरून लवकर उतरवतो, पिठात थोडं तेल घालतो. आवाज होतो, पण दाताला लागत नाही. तुम्ही रोज खाता आणि म्हणता, ही खरी आपली चव.
मी विचारलं, आईला माहीत आहे? म्हणाला, तेलाचं माप आईचंच आहे.
सहा वर्षं. रोज दहा वाजता. टाळ्या.
मी म्हटलं, मग पैज कशाला लावू दिलीस? तो म्हणाला, मी कुठे लावली? तुम्ही लावलीत. मला फक्त ही विकायची होती. कडक बंद करा असं मी कधी म्हटलं?
पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलं.

२८ ऑक्टोबर.
साकाकीबाईंकडे. उरानोच्या दारावरून, गालावर हात ठेवून. त्याने बघितलं आणि मान लववली.
खड्ड्याचं काय करायचं, हे त्यांनी समजावलं. आज चष्मा नेला होता. हाडात खिळा ठोकून दात बसवता येतो, पण त्याला बरेच महिने आणि माझं हाड पातळ. काढता-घालता येणारी कवळी आहे, सुमिएसारखी, तिचा ग्लास आणि माझा ग्लास शेजारी. किंवा ब्रिज. पुढचा आणि मागचा, दोन चांगले दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधाराने मधला टांगायचा. त्या दोघांना उगाच झीज, हे वाईट. स्वतःचं काही नसताना मधला मात्र मिरवणार.
त्या म्हणाल्या, नीट बसला तर तुमचा नाही हे कित्येक वर्षं लक्षातही येत नाही.
म्हटलं, ते मला माहीत आहे.
ब्रिज ठरला. पुढच्या आठवड्यात घासणार. पक्का बसेपर्यंत कडक काही खायचं नाही.

८ नोव्हेंबर.
चांगल्या दातांचा दिवस. सभागृहात सर्टिफिकेटं वाटली, कुणाला ते विचारलं नाही.
कोहेईने निळा डबा पुढे मांडला. वर कागद: ‘बाबांची सेनबेई’. म्हणाला, घरात सहा वर्षं हेच नाव आहे. मी म्हटलं, काढ तो कागद. मग म्हटलं, राहू दे.
दहा वाजता मी चावून दाखवली नाही. उभा राहिलो नुसता. बायका तिथेच खाऊन बघत होत्या. एका आजींनी डोळे मिटून चावली आणि म्हणाल्या, अगं बाई, मी लहान असताना लागायची तशीच लागते. दुपारपर्यंत डबा रिकामा. कडक बरणीतली एकच पुडी गेली, उरानोने नेली. हातोडी मागून घेतली, वीस दात असून.
चार वाजता चहाबरोबर मला हवी होती. आत शोधलं, बाहेर शोधलं. माझ्यासाठी एकही ठेवली नव्हती, पहिल्यांदाच. शेवटी बरणीतली एक कडक घेऊन ओट्यावर ठेवली. ऐंशी वर्षं या दुकानात काढली, पण हातोड्या कुठल्या खणात असतात हे सुमिएला विचारावं लागलं.