मागून कोणी सांगू नये

लिहून ठेवणार मुखरू वल्द सोनबा निकुरे, वय वर्षे सहासष्ट, धंदा धानशेती व हिवाळ्यात नाटकमंडळीत पडद्याआडून नटांना वाक्ये सांगणे, राहणार मौजे चिचटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा. हे मृत्युपत्र मी माझ्याच सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीत बसून, माझ्याच हाताने लिहीत आहे. कोणाचा दाब नाही, कोणाची फूस नाही. डोके ठिकाणावर आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येते, परंतु कायदा मन कसे आहे ते विचारतो, कान विचारत नाही. तीन नाटके आजही आरंभापासून शेवटापर्यंत तोंडपाठ आहेत. ज्याला शंका असेल त्याने ऐकायला बसावे, मात्र जेवून यावे.

माझी पत्नी सुगंधाबाई वारली, त्यास सहा वर्षे झाली. मूलबाळ नाही. सबब बोडीखालची, म्हणजे गावच्या लहान तळ्याखालची दोन एकर धानाची जमीन, बैलजोडी व घराचा मागचा भाग पुतण्या गुणवंतराव यास देतो. पोरगा कष्टाळू आहे, माझ्या आजारपणात त्याने पाय दाबले, त्याचे उपकार मी मानतो. परंतु समोरची सपरी त्याला किराणा दुकानासाठी हवी आहे आणि मी जिवंत असतानाच त्याने तिथे फळ्यांचे माप घेतले. बाबा रे, सपरी मिळणार नाही. दुकान मागच्या दाराला काढ. मीठ संपले म्हणजे लोक मागच्या दारानेही येतात.

सपरी व पुढचे अंगण ग्रामपंचायतीस देतो, या अटीवर की तेथे दर शनिवारी दुपारी गावातील पोरापोरींची बोलण्याची सभा भरत राहावी. ही सभा मी सन १९५१ साली सुरू केली. त्या साली एक साहेब गावात आले आणि म्हणाले, गावाची अडचण कोणी तरी उभे राहून सांगा. चाळीस माणसे बसली होती. चाळीसही जण आपापल्या पायांकडे पाहू लागले. त्यात मीही होतो. राजाचे, प्रधानाचे, राणीचे सगळे बोलणे मला पाठ, पण स्वतःचे एक वाक्य निघेना. साहेब चहा पिऊन निघून गेले. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

सभेची रीत बदलू नये. ज्याला बोलायचे आहे त्याने त्या आठवड्यात बोडीच्या पाळीवर दहा टोपल्या माती टाकलेली असावी, किंवा विहिरीचा काठ झाडलेला असावा, किंवा कोण्या म्हाताऱ्याचे सरपण आणून दिलेले असावे. हात न हलवता तोंड हलवणारे गावात आधीच पुष्कळ आहेत.

आता माझी चूक लिहितो, कारण मृत्युपत्रात खोटे चालत नाही. पोरांची भाषणे मीच लिहून देत असे आणि ती बोलत असताना मागे बांबूच्या ताटव्याआड बसून वाक्ये सांगत असे. जन्माची सवय. शिवाय "मले" म्हटले की मागून "मला" असे दटावत असे. नाटकातला राजा कधी "मले" म्हणतो काय, असे विचारत असे. सन १९५५ साली बोडीची पाळ फुटली. दुसरे साहेब पाहणीस आले. लच्छू कोवे याची मुलगी बुधरी, तेव्हा सोळा वर्षांची, तिला मी पाच पानांचे भाषण पाठ करवून उभे केले. दुसऱ्याच वाक्याला ती थांबली. मी मागून सांगितले. ती गप्पच. मी मोठ्याने सांगितले. तेव्हा पोरगी सगळ्या सभेसमोर मागे वळली आणि म्हणाली, "मुखरूभाऊ, तुमी चूप राहा ना जरासं. मले येते."

सभा हसली. साहेब हसले. सर्वांत मोठ्याने आमच्या नाटकमंडळीत पेटी वाजवणारे दादाजी पेटीवाले हसले, हे मी विसरलेलो नाही. मग बुधरी तिच्याच बोलीत, मधेमधे गोंडी शब्द घालून, बोलली. पाळ फुटल्यापासून तिची आई मंगली पाण्याला कुठवर जाते, कोणाचे धानाचे रोवणे बुडाले, आणि पोरे अर्धी पाळ स्वतः बांधायला तयार आहेत. माझ्या पाच पानांतले एकही वाक्य त्यात नव्हते. पाळीचे काम पुढच्याच उन्हाळ्यात मंजूर झाले.

मी रुसलो. सपरीला कुलूप लावले. चार शनिवार पोरे अंगणातच उन्हात बसली. पाचव्या शनिवारी मी दाराच्या फटीतून ऐकले. जंगू बोलत होता. वीस वर्षांचा दांडगा गडी, मधेच अडखळला. मला शब्द ठाऊक होता, ओठांवर आला होता. पण बाहेर कोणी हूं की चूं केले नाही. सगळे थांबले. बऱ्याच वेळाने जंगूला त्याचा शब्द सापडला, आणि तो माझ्या शब्दापेक्षा बरा होता. मी कुलूप काढले. त्या पोरांनी मला आत घेतले, हे त्यांचे उपकार. आयुष्यभर मी दुसऱ्यांना बोलायला लावत आलो. ऐकायला मला त्यांनी शिकवले.

संदुकीतली माझ्या हातची साठ भाषणे कोणी पाठ करू नयेत. कागद पाठकोरे आहेत, पोरांनी त्यावर आपले लिहावे.

नाटकाचा पडदा उघडताना वाजवायची माझी पितळी शिटी दादाजींना हवी आहे. माझे काम खांबसुद्धा करील, असे ते एकदा म्हणाले होते. साक्षीदाराला काही देऊ नये असा रिवाज ऐकतो, म्हणून त्यांना साक्षीदार केले आहे. शिटी जंगूला द्यावी.

दुसरी साक्षीदार बुधरी, म्हणून तिलाही काही देता येत नाही. देण्यासारखे माझ्याकडे नाहीही. आजवर मीच घेत आलो.

आता शेवटचे. माझ्या शोकसभेत बुधरीने बोलावे. खरे सांगतो, तिच्यासाठी ते भाषण मी गेल्या दसऱ्यालाच लिहून ठेवले होते. चार पाने. फार उत्तम उतरले होते, तिसऱ्या पानावर मला स्वतःलाच रडू आले. आज सकाळी ते चुलीत घातले, आंघोळीचे पाणी तापले.

साक्षीला बोलावले तेव्हा बुधरीने विचारले, "मी का बोलाचं ते लिवून ठेवलं असन नं तुमी?"

"नाई," मी म्हणालो.

"खरंच नाई?"

"खरंच नाई."

तिने एकदा चुलीकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग इतक्यात मरू नोका, भाऊ. मले तयारीले वेळ पायजे."

तेवढा वेळ देण्याची माझी इच्छा आहे, हाती नाही. त्या दिवशी ती अडखळली, तर कोणीही मागून सांगू नये. थांबावे. मले घाई नाई.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, खाडाखोड नाही. शेवटच्या वाक्यातील "मले" ही लेखनाची चूक समजू नये.

मुक्काम चिचटोला, शनिवार, ता. ८ फेब्रुवारी १९५८.

सही: मुखरू सोनबा निकुरे

आमच्यासमोर सही केली म्हणून साक्ष:
१. दादाजी पेटीवाले (शिटीचा मजकूर वाचला. खांबाचे मी थट्टेत म्हणालो होतो.)
२. बुधरी लच्छू कोवे