सातव्या रकान्यासाठी वकील

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४

चि. तम्मा संगमेश यास,

गुरुसिद्धअण्णाचे आशीर्वाद. (सहासष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहावं का, असा प्रश्न पडला होता. पण तू माझा पाठचा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहेस, आणि आपल्या भांडणाने ते काही बदललेलं नाही. आशीर्वाद घ्यायचे नसतील तर तसेच राहू देत, परत पाठवू नयेत.) सौ. शांतव्वालाही आशीर्वाद. तिचे गुडघे तेव्हा दुखायचे, ते आता कसे आहेत? तुझी शुगर कशी आहे? तुला शुगर आहे की नाही हेही मला ठाऊक नाही, पण अप्पांना होती आणि मला आहे, तेव्हा तुलाही असणारच असं धरून विचारतो. नसेल तर अभिनंदन. अकरा वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आज अचानक अण्णा चार पानं भरून लिहितोय म्हणजे काहीतरी मागत असणार, असं तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. मी फक्त हकिकत कळवतो आहे.

माझं म्हणशील तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे. उजवा पूर्ण पिकला, त्यामुळे हे पत्र डाव्या डोळ्याने लिहितो आहे. मागच्या आठवड्यात एका कापडाच्या दुकानाबाहेर ओळखीची बाई उभी दिसली. मी थांबून तिची चौकशी केली, घरचे कसे आहेत, पोरं काय करतात, सगळं विचारलं. उत्तर येईना, तेव्हा म्हटलं, हीसुद्धा रागावली वाटतं आपल्यावर. मग दुकानदार बाहेर आला आणि म्हणाला, "पावणं, त्यो पुतळा हाय." साडी मात्र चांगली नेसवली होती. त्याच दिवशी डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, गुरुवारी बावीस तारखेला सकाळी या, संध्याकाळी घरी. मला हायसं वाटलं. मग त्यांनी फॉर्म दिला.

फॉर्मला एकूण नऊ रकाने. तुला माहीतच आहे, मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं काढली, रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो. नाव, वय, पत्ता, रक्तगट, शुगर, औषधं असे सहा रकाने मी उभ्या उभ्या भरले. सातवा होता : 'सोबत येणारा जवळचा नातेवाईक (नाव, नाते, सही)'. तो सोडून आठवा-नववा भरला आणि फॉर्म खिडकीत दिला. नर्सने बोट ठेवलं, "आजोबा, ह्ये रिकामं ऱ्हायलंय की." मी म्हटलं, कोणी नाही. तर म्हणाली, "असं कसं? कोण ना कोण असतंयच की." त्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत म्हणे. पट्टी बांधलेल्या माणसाला हाताला धरून न्यायला घरचं कोणीतरी लागतं. फॉर्म पुढच्या सोमवारपर्यंत पुरा करून आणा म्हणाली आणि मागच्या माणसाला हाक मारली.

घरचं कोणीतरी म्हणजे कोण, तूच सांग. तुझी वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. शिवांजली मेलबर्नला. (तुला कळलं नसेल, तिला आठवा महिना आहे. आपण आजोबा होणार, म्हणजे मी आजोबा आणि तू धाकटा आजोबा.) ती फोनवर रडायलाच लागली, विमानात घेत नाहीत म्हणून. मी तिला ठोकून दिलं की शेजारचा हंबीरराव येणार आहे, अजिबात काळजी करू नकोस. नंतर हंबीररावाला विचारायला गेलो. तो यायला एका पायावर तयार होता. खरोखरच एका पायावर, कारण दुसरा प्लास्टरमध्ये आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पेठेच्या टीमने गोल मारला म्हणून गच्चीच्या जिन्यावर उडी मारली आणि चार पायऱ्या खाली आला. गोलही पंचांनी नाकारला.

मग विठाबाईला विचारलं. ती माझा स्वयंपाक करून जाते, मनाने फार चांगली. म्हणाली, "येतो की मी. पर नात्यात काय लिवणार?" मी म्हटलं, बहीण लिहू. तिने विचार केला आणि म्हणाली, "भन लिवा, पर आधार कार्ड मागितलं तर आडनाव कसं जुळायचं? आन आमच्या मालकास्नी काय सांगू?" हे भिंतीपलीकडे ऐकून हंबीररावाने त्याच्या पलंगावरूनच निकाल दिला की खोटं नातं लिहिणं ही फसवणूक होते, उद्या काही कमीजास्त झालं तर विठाबाई आत जाईल, तेव्हा आधी वकिलाला विचार. तो ज्या आवाजात हे बोलला तो ऐकून विठाबाई भाजी फोडणीला टाकायची सोडून घरी गेली. म्हणून मी वकिलाकडे गेलो. आपल्या घराण्यात कोर्टाची पायरी कोणी चढलं नव्हतं, आणि मीही नाही चढलो, कारण हे वकील तालमीसमोर पिठाच्या गिरणीच्या माडीवर बसतात.

ॲडव्होकेट क्रांती साळोखे. तिशीची मुलगी आहे. दारावर पाटी : 'प्रथम सल्ला अर्धा तास, फी रु. ५००, आगाऊ'. मी पाटी दोनदा वाचली. (एकदा डाव्या डोळ्याने, एकदा उजवा बारीक करून.) कोल्हापुरात सल्ल्याला पैसे! चौकात दोन मिनिटं उभं राहावं, तर गुडघ्यापासून गुंतवणुकीपर्यंत सल्ला देणारी माणसं स्वतःच्या पदरचा चहा पाजतात. पण ज्ञानू नावाचा त्यांचा कारकून दारातच बसलेला असतो. त्याने पाचशे घेतले, पावती फाडली आणि पावतीवर वेळ घातली, अकरा वाजून पाच मिनिटं. तीस वर्षं मी कामगारांच्या हजेरीला वेळ घातली, माझ्या नावापुढे वेळ घालणारा हा पहिलाच. मला त्याचा राग आला नाही, अक्षर चांगलं होतं.

आत गेलो. पोरगी उठून उभी राहिली, "बसा काका" म्हणाली आणि विचारलं, "मूळचं गाव कुठलं तुमचं?" आता एवढ्या अदबीने कोणी विचारलं तर आपण लगेच मोतीबिंदूवर यायचं का? ते बरं दिसत नाही. मी हातकणंगले सांगितलं. तर तिची मावशी हातकणंगल्यात दिलेली. कुठल्या गल्लीत, कोणाच्या शेजारी, मावशीचे सासरे कोण, असं करत करत आम्ही स्टँडपर्यंत आलो, आणि ती म्हणाली, "तिथं संगमेशअण्णांचं किराणा दुकान हाय बघा, मावशीचं सगळं सामान तिथनंच येतंय." मी म्हटलं, तो माझा धाकटा भाऊ. हे तोंडातून निघून गेलं आणि मी पस्तावलो. कारण त्यानंतर मी सातव्या रकान्याचं सांगायला लागलो, कोणी नाही म्हणालो, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "आन मग भाऊ?"

वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही म्हणतात, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. (आणि आता स्वतःच तुला लिहून कळवतो आहे, म्हणजे ते पाचशेही वाया.) शिवांजलीच्या लग्नाची पत्रिका. 'आपले नम्र' म्हणून तेवीस नावं, पाळण्यातल्या पोरासकट, आणि तुझं नाव नाही. तू भरल्या मांडवात पत्रिका घेऊन माझ्यापुढे उभा राहिलास आणि विचारलंस, "अण्णा, ह्यात मी कुठं हाय?" मी म्हटलं, प्रेसवाल्याने खाल्लं. तू न जेवता गेलास. अकरा वर्षं मी येईल त्याला त्या प्रेसवाल्याच्या नावाने बोटं मोडून दाखवली. तम्मा, प्रेसवाल्याने दोनदा प्रूफ आणून दिलं होतं, आणि दोन्ही वेळा मीच तपासलं. तुझं नाव नाही हे मला दिसलं होतं, तेव्हा डोळे चांगले होते. लग्नाची सुपारी फोडायला तू आला नव्हतास म्हणून मी रागात होतो. म्हटलं, राहू दे, कळू दे त्याला. तू त्या दिवशी तापाने झोपून होतास हे नंतर कळलं, पण तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. चार दिवसांनी राग निघेल असा माझा हिशेब होता. चूक माझी होती. हे मी तुझ्या वहिनीलाही कधी सांगितलं नाही. तिच्या मातीला तू आलास, माझ्या शेजारी उभा राहिलास, माती लोटलीस आणि निघताना 'येतो' म्हणाला नाहीस. म्हणायला हवं होतंस असं मी म्हणत नाही. मी मात्र तू फाटकातून बाहेर पडेपर्यंत तुझ्याकडेच बघत होतो.

इथे ज्ञानूने डोकं आत घातलं आणि म्हणाला, "टाइम झाला, काका." अकरा पस्तीस. एका मिनिटाचा फरक नाही! टाइम ऑफिसात असता तर मी त्याला बढती दिली असती. पण मूळ प्रश्न विचारायचाच राहिला होता, म्हणून खिशातून आणखी पाचशे काढले. पोरगी नको म्हणत होती, ज्ञानूने मात्र घेतले. मग मी मुद्द्याचं विचारलं : जवळचा नातेवाईक म्हणजे कायद्याने नक्की कोण? ती म्हणाली, "ह्यात कायद्याचं एवढं काय न्हाई, काका. तुम्ही ज्याला जवळचं म्हणाल, त्यो जवळचा. फक्त त्यानं यायला पायजे." संपलं. चार मिनिटं लागली.

सव्वीस मिनिटं शिल्लक होती आणि पैसे भरलेले. मी उठलो नाही. उठून जायचं कुठे, तर घरी. ती म्हणाली, बसा की, मी डबा खाते. तिने अर्धी भाकरी आणि वांगं माझ्या पुढ्यात ठेवलं. खाली गिरणी चालू होती, टेबल हलत होतं, आम्ही दोघं जेवलो. ती बोलत नव्हती, मीही नाही. विठाबाई स्वयंपाक चांगला करते रे, पण ती करून झाकून जाते. दोन वर्षांत मी कोणाच्या समोर बसून जेवलो नव्हतो हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. टीव्ही लावून जेवतो, बातम्यावाले बोलत असतात, म्हणून कळत नाही. मला एकटं वाटतं, तम्मा. शिवांजलीला हे सांगता येत नाही आणि हंबीररावाला सांगितलं तर तो सल्ला देतो.

असो. हकिकत एवढीच. घरातल्या लहानमोठ्यांना ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे सांगणे. माझी काळजी नसावी (असेल तर थोडी असू द्यावी).

तुझा,
गुरुसिद्धअण्णा

ता. क. : फॉर्म मी आज भरून दिला. सातव्या रकान्यात तुझं नाव घातलं आहे, नाते : सख्खा भाऊ. तुला न विचारता घातलं, याबद्दल वकिलीणबाईंचं मत घेतलेलं नाही, कारण त्याला तिसरे पाचशे लागले असते. सही त्या दिवशी समोर करायची आहे. गुरुवार, बावीस तारीख, सकाळी आठ. सकाळची पॅसेंजर अजून असेल तर ती सोयीची पडेल.

ता. क. २ : बोलायचं नसेल तर बोलू नकोस. हाताला धरून न्यायला माणूस लागतो एवढंच डॉक्टर म्हणाले, त्याने बोललं पाहिजे असं काही म्हणाले नाहीत.

ता. क. ३ : हे पत्र रजिस्टरने पाठवतो आहे, पोचपावती जोडून. तुला यायला जमणार नसेल तर मी समजून घेईन, पण पोस्टमन कार्ड पुढे करेल तेव्हा सही तूच कर, शांतव्वाला करायला लावू नकोस. ते कार्ड माझ्याकडे परत येतं. आणि सही जरा मोठी कर, कारण तू आला नाहीस तर मला बारीक अक्षर दिसणार नाही.