एकाच पुकाऱ्याला

द्वारका, दिल्ली
फेब्रुवारी १९९९

प्रिय मयुरा,

तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या शाळेत मैत्रेयीकडून कविता पाठ करून घेतात, हे वाचून बरं वाटलं. तिच्या बापाकडून, जयदीपकडून, मीही घोकून घ्यायचो, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. "बस हो गया, बाबा!" म्हणत तो मध्येच बॅट घेऊन पळायचा. इथे नव्या सोसायटीत ठीक आहे. भिंतीला पाठ टेकली की सदऱ्याला वाळू लागते, आणि ही कुठल्या ट्रकमधून आली असेल, हा विचार सुरू होतो. आपला जयदीप फौजदार म्हणून पानिपतच्या नाक्यावर उभा होता, तेव्हा तो ट्रकही अशाच नव्या घरांसाठी यमुनेची चोरटी वाळू नेत होता. जयदीपने हात दाखवला. ट्रक थांबला नाही, त्याच्या अंगावरून गेला.

कोर्टाच्या तारखांना मी अजून जातो. शाळेत पानिपतावरची कविता खड्या आवाजात म्हणून बक्षीस मिळवलं होतं. आता रोडवेज बसच्या कंडक्टरकडे 'एक पानिपत' मागताना आवाज फुटत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर दरियावसिंग नावाचे एक शेतकरी भेटायचे. मी जन्मभर कारकुनी केली, तरी मला मास्टरजी म्हणायचे. एखादी कविता म्हणून दाखवली की चिडवायचे, "इतना रोवै क्यूँ सै, मास्टरजी? भैंस मर गी के?" त्यांच्या पराठ्यातला अर्धा माझा. मुलाची केस आहे, एवढंच आम्ही एकमेकांना सांगितलेलं. तारीख वकीलच आतून घेऊन यायचे. तिथे जास्त कोण विचारतं?

दिवाळीनंतर एकदा शिपायाने पुकारा केला, आणि आम्ही दोघंही उठलो.

तो ट्रक त्यांचा मुलगा चालवत होता. तेव्हापासून ते बाकावर बसत नाहीत. जिन्यापाशी गुडघा दाबत उभे राहतात. माझ्याकडे बघत नाहीत.

होळीनंतर निकाल आहे. शिक्षा पुरती व्हावी, हे माझं म्हणणं बदललेलं नाही. वकिलांनाही तेच सांगितलंय. पण त्या दिवशी मला त्या म्हाताऱ्याला हाक मारून शेजारी बसवायचंय. मी फार थकलोय गं, तेही थकलेत. तू येणार आहेस, म्हणून आधी विचारतो. सोसणार नसेल तर तसं लिही, मी हाक मारणार नाही. सोसलं, तर माझ्या दुसऱ्या बाजूला बस. बाक तिघांना पुरतो.

तुझाच,
बाबा