तोफगोळ्याच्या कामाला नाव देताना

गुरुजी, आमच्या कारखान्यात तोफगोळ्यांचं काम आलं आहे. आतली दारू भरायचं काम इथं होणार नाही, ते दुसरीकडे कुठंतरी. आमच्याकडे फक्त बाहेरचं पोलादी कवच, रिकामं. मागच्या महिन्यात एका सोमवारी नोटीस लागली, की नव्या विभागात तपासणीसाठी ज्या जुन्या लोकांना यायचं असेल त्यांनी शनिवारपर्यंत नावं द्यावीत. सक्ती नाही. ज्याला नको त्यानं मोटारसायकलींच्या सुट्या भागांवर राहावं, म्हणजे मी इतकी वर्षं जिथं आहे तिथंच. दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि तिथली सगळी तपासणी तुम्हीच सांभाळा, असं सांगितलं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि बाहेर आलो. बाहेर आल्यावर का कोण जाणे, बायकोच्याही आधी तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं तरी झाली असतील. मी आता पन्नाशीला टेकलो आहे, म्हणजे तुम्ही आम्हाला सातवीला शिकवायचात तेव्हाच्या तुमच्या वयाचा झालो.

शुक्रवारचा शेवटचा तास तुम्ही वादासाठी ठेवला होता. वर्गातल्या शहाबादी फरशीवर खडूनं मधोमध रेघ ओढायची, होय म्हणणारे खिडकीकडे, नाही म्हणणारे दाराकडे. विषय आमच्यातलेच. एसटीचा थांबा वेशीत असावा का शाळेपाशी, असले. पोरं हमरीतुमरीवर यायची, आणि वाद चांगला रंगात आला की तुम्ही डस्टर टेबलावर आपटून म्हणायचात, "पाय बदला." मग खिडकीकडच्यांनी दाराकडे जायचं, दाराकडच्यांनी खिडकीकडे, आणि आत्तापर्यंत जे खोडून काढलं तेच आता पटवून द्यायचं. मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणालो होतो, "गुरुजी, आत्ताच तर म्या म्हणलं, थांबा वेशीत पायजे म्हणून!" तुम्ही म्हणालात, "मग आता शाळेपाशी पायजे म्हण. तोंड तेच ठेव, पाय तेवढे हलव." सगळा वर्ग हसतोय, तुम्ही हसत नाही, आणि मी रेघ ओलांडून दाराकडे जातोय. हे मला अजून जसंच्या तसं दिसतं.

एका शुक्रवारी तुम्ही फळ्यावर लिहिलं, देशानं आधी तोफा घ्याव्यात का शाळा बांधाव्यात. आमच्या डोक्यावरच्या पत्र्याला तेव्हा तीन भोकं होती. तरी वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं तोफांच्या बाजूला गेली. मी सगळ्यांच्या पुढं. मला कुठूनतरी एक वाक्य सापडलं होतं, ते मी हात उंचावून म्हटलं, "शंभर जवान गेले तरी चालतील, पण इंचभर जमीन जाऊ देणार नाही!" टाळ्या पडल्या. तुम्ही टाळ्या थांबू दिल्या आणि मग हळूच विचारलंत, "शंभरातल्या एकाचं नाव सांग." मला सांगता येईना. आपल्या गावातला एकच माणूस तेव्हा फौजेत होता, वरच्या आळीतल्या म्हातारीचा थोरला. त्याची पत्रं तुम्हीच तिला वाचून दाखवायचात. तुम्ही म्हणालात, "जा, हे वाक्य त्याच्या आईला ऐकवून ये. ती चालतील म्हणाली तर मी तुला पैला नंबर देतो."

मी गेलो. म्हातारी ओट्यावर तूर पाखडत होती. "काय रं लेकरा, शाळा सोडून कुठं हिंडतो?" म्हणाली. मी उभाच. तिनं आतून गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे आणून दिले, आणि मग स्वतःच विचारलं, "गुरुजीनं धाडलं का? कागद आला का माझ्या पोराचा?" मी नाही म्हणालो. तिचा चेहरा उतरला तो मला बघवेना. मी घागर उचलली, हापशावरून दोन खेपा पाणी आणून रांजणात ओतलं आणि परत आलो. तुम्ही विचारलंत, "म्हणलास?" मी मान हलवून नाही म्हणालो. "बरं केलंस," एवढंच तुम्ही बोललात, आणि तास सुटल्यावर चपला पायात सरकवून तुम्ही तिच्या घराकडे निघालात. तिला कागद आला नाही हे नीट सांगायला गेला असाल. माझ्यामुळं तिला उगाच आशा लागली होती. तुम्ही मला नंतर कधी त्यावरून बोलला नाहीत.

तरी तालुक्याच्या स्पर्धेला तुम्ही मलाच पैठणला नेलंत. तिथं तोच विषय, आणि मी तिथं जे केलं ते आठवून मला आजही घाम फुटतो. वर्तमानपत्रात मी शस्त्रसंधी हा शब्द वाचला होता आणि तो मला फार आवडला होता. मी ठासून बोललो, "शस्त्रसंधी म्हणजे दोन्ही देशांना शस्त्रं चालवायची मिळालेली संधी! ती आपण सोडता कामा नये!" सगळं सभागृह हसलं. परीक्षकांतले एक गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. परतीच्या गाडीत बिडकीन येईपर्यंत तुम्ही तिकिटाची घडी घालत-उलगडत होतात. मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "देव अधिक आलय?"

"देवालय."

"हे काय झालं?"

"संधी झाला, गुरुजी."

"मग त्यात देवाला कशाची संधी मिळाली?"

"तो संधी वेगळा, ती संधी वेगळी," तुम्ही म्हणालात. "तो संधी म्हणजे सांधणं. तुटलेलं जोडणं. आणि ती संधी म्हणजे आपल्याला घावलेला मोका. तू एकाच्या अंगात दुसरीचं लुगडं घातलंस." मग तुम्हालाच हसू आलं, आणि पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघेपर्यंत तुम्ही हसलात. डोळे टिपत म्हणालात, "पण गड्या, चुकून खरं बोललास. सांधायच्या नावाखाली लोकं बंदुका पुसून घेत्यात." पुढच्या आठवड्यात तुम्ही मला तुमचा स्वतःचा शब्दकोश दिलात, पाठीला खाकी कागद चिकटवलेला. तो माझ्या गारखेड्याच्या घरात आहे. मुलीनं त्याला परवा नवं कव्हर घातलं.

आता आमच्या कँटीनमध्ये रोज तुमचा शुक्रवार भरतो, फक्त पाय बदला म्हणायला कुणी नाही. नोटीस लागली त्या दिवशी बोलणं गोळ्यांवरून लढाईवर गेलं, आणि लेथवरचा एक जण पोह्याची प्लेट ठेवता ठेवता म्हणाला, "एकट्यानं काय व्हत नसतं आता. मोठ्या देशाच्या गटात घुसायचं, म्हणजे कुणी नजर वर करून बघत नाय." दुसरा म्हणाला, "आन् त्यानं उद्या म्हणलं, चल माझ्याबरोबर भांडायला, मग?" तेव्हा मी सावडीची गोष्ट सांगितली, जी तुम्ही आम्हाला सांगितली होती. सावडीत आज मी माझे बैल घेऊन त्याच्या रानात, उद्या तो त्याचे घेऊन माझ्या. पेरणी दोघांची होते. पण त्याचं बांधावरून कुणाशी वाजलं तर मी काठी घेऊन जायचं का, हे सावड ठरतानाच बोलून घ्यायचं. लेथवाला म्हणाला, "तुमच्या गुरुजीला दिल्लीला न्यायला पायजे व्हतं." मी म्हणालो, त्यांना पैठणपर्यंतसुद्धा गाडी लागायची.

माझ्याबरोबर वीस वर्षं तपासणीला असलेला माझा मित्र तेव्हा समोरच डबा खात होता. तो दर पौर्णिमेला विहारात जातो, मी सोमवारी वेरूळला. एकमेकांचा प्रसाद आणि खीर आम्ही बिनबोलता खातो. शेवटी तो म्हणाला, "आमच्या घरी रोज सकाळी पंचशील म्हणत्यात. पैलंच शील, जीव घेऊ नये. मी हितं येऊन गोळ्यावर शिक्का मारू?" लेथवाला म्हणाला, "मग शेजाऱ्याला कोण शिकवणार पंचशील? तू जातो का बॉर्डरवर?" मित्र म्हणाला, "आधी तुला तर शिकवू दे. तू माझ्या डब्यातलं अंडं रोज न विचारता घेतो, चोरी करू नये, ते दुसरं शील." सगळे हसले. मग तोच म्हणाला, "आमच्या गावच्या दवाखान्यात साप चावल्यावरचं इंजेक्शन नाय. तालुक्याला न्यावं लागतंय. तेवढ्यात माणूस जातो. ती पण सरहद्दच की." लेथवाला प्लेट धुवायला उठला. त्यानं नाव दिलं नाही. मला देऊ नको असंही तो म्हणाला नाही, आणि त्याचंच मला जड गेलं.

घरी मुलीला सांगितलं. ती राज्यशास्त्र शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाबा, तुम्ही पास केलेला गोळा कुणाच्या घरावर पडला, ते कळवणार आहेत का तुम्हाला?" बायको म्हणाली, "असं बोलतात का बापाला?" मुलगी म्हणाली, "वाईट बोलले नाही, विचारलं." मला तिच्यात तुम्ही दिसलात. त्याच संध्याकाळी गावाहून बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा तोफखान्यात आहे, दोन वर्षं झाली. तिला कुठूनतरी कळलं होतं. म्हणाली, "दादा, तूच तपास बाबा. दुसऱ्या कुणी डोळे झाकून पास केला, आन् माझ्या पोराच्या तोफेतच फुटला तर?" मी फोन ठेवला आणि हातातली भाकरी ताटात परत ठेवली. गुरुजी, तुमची सवय मोडलेली नाही. चार दिवस मी मनातल्या मनात इकडून तिकडे जात राहिलो. मुलीच्या बाजूनं बोललो की बहीण समोर उभी, बहिणीच्या बाजूनं बोललो की ते कुणाचं तरी घर, ज्याचा पत्ता मला माहीत नाही. दोन्हीकडून मला चांगलं बोलता आलं. निकाल देणारा मात्र कुणी सापडेना.

शुक्रवारी दुसरी पाळी होती, म्हणून सकाळीच वेरूळला गेलो. गर्दी नव्हती. शर्ट काढून हातावर घेतला, गाभाऱ्यात बसलो, पिंडीवर हात ठेवला आणि मला मागताच येईना. आजवर कधी असं झालं नाही. गोळा नीट फुटू दे, असं म्हणायचं? ते तोंडातून निघेना. फुटूच देऊ नको म्हणायचं? मग भाचा आठवला. मागून पुजारी म्हणाले, "चला, पुढं व्हा, बाकीच्यांना येऊ द्या." मी शेवटी एवढंच मागितलं, की आम्ही बनवलेले सगळे गोळे कोठारात गंजून जावोत. गंजू नये म्हणून ज्याच्यावर लेप चढवायचा, त्याच्यासाठी मी हे मागत होतो. देवालाही हसू आलं असेल.

शनिवारी नाव दिलं. मुलीला सांगितलं, तुझ्या आतेभावासाठी दिलं. तिनं हातातलं पुस्तक मिटलं. "पटलं नाही," म्हणाली, "पण मग असं तोंड पाडून नका बसू. दिलं तर दिलं." मित्राला सांगितलं तर त्यानं माझं जुनं टेबल स्वतःकडे मागून घेतलं आणि त्याच्या खणातला माझा अंगाऱ्याचा डबा रुमालात बांधून मला आणून दिला. आम्ही अजून एकत्रच डबा खातो. पण त्या विभागाचं मी काही काढत नाही, आणि तोही विचारत नाही.

आज रविवार आहे, दुपार आहे, घरात सगळे झोपले आहेत. हे कुठं पाठवणार मी? तुमच्या मुलाचा पत्ता आहे, पण त्याला यातलं काय कळणार. लिहून झालं की घडी घालून ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं आहे, जे मी मुलीला सांगितलेलं नाही आणि बहिणीलाही नाही. गेल्या बुधवारी पहिला नग माझ्या टेबलावर आला. अजून कोमट होता, तेलाचा वास येत होता. आमच्याकडे भोकाचं माप तपासायचं गेज असतं, त्याचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. पहिलं टोक मी नुसतं ठेवलं, तर ते आपल्याच वजनानं अलगद आत उतरलं. दुसरं तोंडाशीच अडलं. इतकं चोख काम मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या वेळी मला भाचा आठवला नाही, गुरुजी, ते घरही आठवलं नाही. मला आनंद झाला. मी तो नग उगाच आणखी एकदा हातात घेऊन फिरवून बघितला.